कुलाब्याचा खासदार बोलायला उभा राहतो

सकाळ : पेण

२५ जुलै १९५६, बुधवार. आषाढाचा पाऊस पेणवर पहाटेपासून लागून राहिला आहे. तुम्ही छत्री मिटता आणि एका गणपतीच्या कारखान्यात शिरता. कारखाना म्हणजे घराची ओटी आणि पडवीच. कोपऱ्यात भिजवलेल्या शाडूचा ढीग आहे, घरातलं पोरगं तो तुडवतंय. फळ्यांवर साच्यातून काढलेल्या मूर्ती ओळीनं सुकताहेत, पण या हवेत त्या लवकर सुकत नाहीत. दाराशी, जिथं थोडा उजेड आहे तिथं, एक म्हातारा कारागीर डोळ्यांची आखणी करतोय. डाव्या हाताच्या मनगटावर उजवा हात टेकवलेला, बारीक कुंचला, आणि पापणीची रेघ एका दमात. तो रेघ ओढत असताना घरात कुणी बोलत नाही.

चतुर्थी दीड महिन्यावर आली आहे. या मूर्ती मुंबईला जायच्या आहेत : गिरगावात, लालबागेत, दादरला. पेणचा तांदूळ, पोहे, पापड, मीठ, सगळ्यांची वाट मुंबईचीच. घरातला एक तरी माणूस तिथं गिरणीत, गोदीत नाहीतर पेढीवर कामाला. महिन्याच्या महिन्याला त्याची मनीऑर्डर येते, त्यावर इथली चूल पेटते. मुंबई कुणाच्या अमलाखाली राहणार हा प्रश्न त्यामुळे पेणच्या या ओटीवर अगदी घरचा आहे.

आखणी संपते. कुंचला पाण्यात बुडवून कारागीर मान वर करतो. ओटीवर टेकलेल्या शाळामास्तरांना विचारतो, "गुरुजी, आपले चिंतामणराव आज बोलनार ना दिल्लीत?"

"बोलणार. मंत्रिपद सोडलंय त्यांनी. का सोडलं ते लोकसभेत सांगायचं असतं."

"आनि मग? त्यानं मुंबई मिलल?"

गुरुजी लगेच उत्तर देत नाहीत. तुम्हाला उत्तर माहीत आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. पण आज तुम्हाला काही सांगायची परवानगी नाही. आज फक्त बघायचं.

साडेनऊ : रोहे

कुंडलिका गढूळ आणि भरून वाहते आहे. पलीकडच्या खाचरांत इरली पाठीवर घेऊन बायका भाताची लावणी करताहेत. रोह्याला अजून रेल्वे नाही. ती यायला तीस वर्षं लागतील. धावीर महाराजांच्या देवळाजवळ दोघंतिघं एकच वर्तमानपत्र धरून उभे आहेत.

ज्यांच्याबद्दल ते वाचताहेत ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख इथलेच. जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील वकील. लहानपण याच रोह्याच्या मातीतलं. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांची. पुढे केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ते भारताच्या वतीनं बसले, आणि कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठी पद्यात आणलं. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री.

रोह्याच्या लोकांचं त्यांच्याशी आणखी एक नातं आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या माणसांनी आजच्या रायगड भागातल्या कुलाबा मतदारसंघातून त्यांना निवडून दिलं. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनीही बैलजोडीचं चित्र ओळखून त्या पेटीत मतपत्रिका टाकली. आज दिल्लीत जो माणूस उभा राहणार आहे, त्याच्या उभं राहण्यामागे त्या पेट्या आहेत.

आता डोळे मिटा. दीड तासात दिल्ली गाठायची आहे, आणि १९५६ मध्ये तुमच्याखेरीज ते कुणालाच शक्य नाही.

अकरा : लोकसभा

तुम्ही प्रेक्षकांच्या सज्जात बसला आहात. छत्री बाहेर ठेवायला लावली. टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, पुढे वाकायचं नाही. १९२७ मध्ये उघडलेल्या या गोल इमारतीला बाहेरून १४४ खांब आहेत. आत मात्र सभागृह अर्धगोलाकार, पायाखाली हिरवा गालिचा. समोर उंचावर अध्यक्षांची खुर्ची. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत तिथं दादासाहेब मावळंकर बसत. मूळचं कोकणातलं मराठी घराणं, वकिली आणि राजकारण अहमदाबादेत. फेब्रुवारीत ते गेले. आता तिथं अनंतशयनम अय्यंगार आहेत. खालच्या मेजाशी सचिव एम. एन. कौल आणि लघुलेखक. लघुलेखक आळीपाळीनं येतात, आपल्या वाट्याची मिनिटं टिपतात आणि उठून जातात. बोललेला शब्द इथं हवेत विरत नाही.

प्रत्येक सदस्याच्या हाती दिवसाच्या कामकाजाची यादी आहे. साधा छापील कागद. आधी प्रश्न, मग पटलावर ठेवायची कागदपत्रं, मग निवेदनं, मग विधेयकं. या क्रमात फार मोठं शहाणपण आहे. सरकारला आपलं विधेयक पुढे न्यायचं असतं, पण दिवसाचा पहिला तास सरकारचा नसतो. तो विचारणाऱ्याचा असतो.

प्रश्नोत्तरं सुरू होतात. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरावर लगेच पुरवणी प्रश्न येतो. बिनतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. तुम्ही पुरवणी प्रश्नांकडे नीट लक्ष द्या. मुख्य प्रश्नाचं उत्तर कचेरीत तयार झालेलं असतं. पुरवणी प्रश्न आला की मंत्र्याला स्वतःचं खातं किती ठाऊक आहे ते सगळ्यांसमोर येतं. सहा वर्षं देशमुख या परीक्षेला बसले. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्या काळात, १९५५ मध्ये. यंदाच्या जानेवारीत आयुर्विम्याचा कारभार सरकारनं ताब्यात घेतला तोही त्यांच्याच हातून. येत्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहील, तेव्हा ते त्या खुर्चीत नसतील.

बाराच्या पुढे : निवेदन

प्रश्नांचा तास संपतो. 'शून्य प्रहर' हे नाव अजून रूढ व्हायचं आहे. सभागृहात नेहमी या वेळी जी चुळबुळ असते ती आज नाही. मंत्रिपद सोडलेल्या सदस्याला, अध्यक्षांच्या संमतीनं, सोडण्याचं कारण सांगणारं निवेदन करता येतं. आजच्या नियमावलीत ही तरतूद १९९ क्रमांकाची आहे. निवेदनाची प्रत एक दिवस आधी अध्यक्षांकडे आणि सभागृहाच्या नेत्याकडे द्यायची. निवेदनावर चर्चा नाही. फक्त एखाद्या मंत्र्याला त्याला धरून आपलं निवेदन करता येतं, तेही सोडणाऱ्याचं बोलून झाल्यावर. काय बोललं जाणार ते ज्याच्या विरोधात बोलायचं त्याला आधी कळवायचं, आणि मग कुणी मध्ये तोंड न घालता शेवटपर्यंत ऐकायचं, असा हा रिवाज.

देशमुख उभे राहतात. साठ वर्षांचे. आवाज चढत नाही. भाषा इंग्रजी, वाक्यं मोजून मापून रचलेली, हिशेबाच्या वहीत रकमा मांडाव्यात तशी एकाखाली एक.

पार्श्वभूमी सज्जातल्या प्रत्येकाला पाठ आहे. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यात मुंबईसह मराठी भाषकांचा संयुक्त महाराष्ट्र नव्हता. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनला आंदोलकांवर गोळीबार झाला. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला आणि मुंबईच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या, माणसं पडली. देशमुखांनी त्याच जानेवारीत राजीनामा दिला होता. तो लगेच स्वीकारला गेला नाही. फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रकही त्यांनीच मांडलं. ३ जूनला मुंबईत नेहरूंनी जाहीर केलं की शहर पाच वर्षं केंद्राकडे राहील.

देशमुख आता तिथंच बोट ठेवतात. हा निर्णय मंत्रिमंडळापुढे आलाच नाही, ते सांगतात. कागद फिरवूनही विचारलं नाही. ज्याचा या प्रश्नाशी उघड संबंध होता त्या त्यांनाही विचारलं नाही. मंत्रिमंडळाच्या नावानं निर्णय जाहीर करण्याची ही तऱ्हा घटनेला धरून नाही. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, तेही ते मांडतात. महाराष्ट्राविषयी वरिष्ठांच्या मनात आकस आहे, हेही ते आडपडदा न ठेवता म्हणतात.

पहिल्या बाकावर नेहरू ऐकताहेत. हे आरोप त्यांना मान्य नाहीत. मुंबईचा विषय मंत्रिमंडळात अनेकदा चर्चिला गेला होता आणि सरकारचं धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानाला असतोच, ही त्यांची बाजू. तीही याच सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदली गेली आहे. तुम्ही दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून वाचू शकता, ही त्या लघुलेखकांची कृपा.

तुमच्या छातीत धडधडतंय. टाळी वाजवावीशी वाटते, पण सज्जात टाळी चालत नाही. देशमुख खाली बसतात आणि अध्यक्ष यादीतला पुढचा विषय पुकारतात.

दुपार : विधेयक

याच अधिवेशनात राज्य पुनर्रचना विधेयक सभागृहापुढे आहे, गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांच्या हाती. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींच्या शिफारशीनं ते आलं, राज्यांच्या विधिमंडळांचं मत मागवलं गेलं, मग संयुक्त समितीनं ते तपासलं. आता सर्वसाधारण चर्चा, मग एकेका खंडावर विचार, दुरुस्त्या, मतदान आणि शेवटी मंजुरी. रस्त्यावर जे घोषणांनी मागितलं जातं ते इथं खंड, पोटखंड आणि स्वल्पविरामांत उतरवावं लागतं.

मराठी सदस्यही एका सुरात बोलत नाहीत. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ काँग्रेसचेच, पण संयुक्त महाराष्ट्राची बाजू पोटतिडकीनं लढवणारे. मुंबईचे स. का. पाटील कोकणातलेच, पण मुंबई वेगळी राहावी या मताचे. हे मतभेद बघून तुम्ही खट्टू होऊ नका. ते इथं उघड मांडले जातात, याचाच अर्थ सभागृह जिवंत आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला अनेक पक्षांचे सदस्य मिळून नवी दुरुस्ती आणतील : गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्यासह एकच विशाल द्विभाषिक मुंबई राज्य. १० ऑगस्टला लोकसभा विधेयक मंजूर करील. १ नोव्हेंबरपासून ते राज्य अस्तित्वात येईल. मुंबई केंद्रशासित होणार नाही, पण संयुक्त महाराष्ट्रही मिळणार नाही.

संध्याकाळ : पुन्हा कुलाब्यात

रोह्यात दिवे लागले आहेत. ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याच्या ओटीवर गल्ली जमली आहे. बातमी दोन-तीन वाक्यांची. त्यातून प्रत्येकाला हवं ते मिळतं : कुणाला अभिमान, कुणाला हळहळ, कुणाला शंका. गेलेलं मंत्रिपद परत येईल का, असं मात्र कुणी विचारत नाही.

पेणच्या कारागिराच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासानं पुढे दिलं. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्यानं काँग्रेसला नाकारून शेतकरी कामगार पक्षाच्या राजाराम राऊतांना लोकसभेत पाठवलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. ते एका निवेदनानं झालं नाही. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांचे प्राण गेले आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले. पण त्या लढ्याची बाजू देशाच्या सर्वोच्च सभागृहात, त्याच्याच नियमांत बसून, सरकारच्या आतल्या माणसानं मांडली आणि ती कायमची नोंदली गेली. चळवळीला रस्ता लागतो तसं सभागृहही लागतं.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ ला ते गेले. त्याआधीच्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं. रोह्यात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

आता तुम्ही परत या. पेण आणि रोहे आज रायगड लोकसभा मतदारसंघात आहेत. अधिवेशन चालू असताना रोजच्या कामकाजाची यादी प्रसिद्ध होते, प्रश्न आणि उत्तरं दोन्ही बघायला मिळतात, कामकाज दूरचित्रवाणीवर थेट दिसतं. १९५६ मध्ये ज्या सज्जात बसायला दिल्लीपर्यंत जावं लागे, तो सज्जा आता तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. आपल्या खासदारानं लग्नाला हजेरी लावली की नाही, रस्त्याचा नारळ फोडला की नाही, याचा हिशेब आपण चोख ठेवतो. त्यानं पहिल्या तासात काय विचारलं, विधेयकावर कोणती दुरुस्ती दिली, कोणत्या खंडावर काय मत दिलं, हाही हिशेब ठेवायला हवा. चिंतामणरावांनी पद सोडताना आपली कारणं सभागृहाच्या स्वाधीन केली, कारण ते स्वतःला त्या सभागृहाला आणि त्यातून कुलाब्याच्या मतदाराला जबाबदार समजत होते. ही जबाबदारी मागितल्याशिवाय मिळत नाही. पुढच्या अधिवेशनाची यादी निघेल त्या दिवशी ती वाचा, आणि तुमच्या खासदाराला पत्र लिहून विचारा : यातल्या कोणत्या विषयावर तुम्ही बोलणार आहात, आणि काय?