‘नॉस्टॅल्जिया’: एका हुरहुरीचें नांव

जुनें गाणें कानीं पडलें, शाळेचें छायाचित्र हातीं आलें, कीं ‘आय फील नॉस्टॅल्जिक’ असें इंग्रज मनुष्य सहज बोलून जातो. परंतु ‘नॉस्टॅल्जिया’ हें मूळचें एका रोगाचें नांव. १६८८ सालीं बाझल येथें योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें ग्रीक ‘नोस्टोस्’, म्हणजे घरीं परतणें, आणि ‘आल्गोस्’, म्हणजे वेदना, हे शब्द जोडून तें आपल्या प्रबंधांत योजिलें. परमुलखांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांस हा रोग विशेष जडतो, असा समज पुढें रूढ झाला. रोग्यास घरीं धाडणें हाच खरा उपाय मानीत. विसाव्या शतकांत मात्र या शब्दाचा रोख स्थळाकडून काळाकडे वळला. घरीं परततां येतें, गेलेल्या दिवसांत येत नाहीं. म्हणून होफरचा उपाय आतां लागू पडत नाहीं.