पाव मैलाचा धडा

दिवाळीच्या सुट्टीत नातवाने संगणकावर एक अमेरिकन मोटार दाखवली. डॉज चॅलेंजर डेमन, 2018 सालची. इंधन खास शर्यतीचे घातले की 840 अश्वशक्ती, आणि उभ्या जागेवरून निघून पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, 9.65 सेकंदांत! कंपनीने पुढे एकच आसन दिले होते. शेजारचे हवे असल्यास एक डॉलर जादा.

"आणि आजोबा, शर्यतवाल्या संघटनेने हिच्यावर बंदी घातली!" नातू हसत म्हणाला.

मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे "का?" हा प्रश्न मला सोडवेना. वाचत बसलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या गाड्या दुरुस्त करून भर रस्त्यात शर्यती लावत. अपघात होत, लोक संतापत. 1950 मध्ये सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स या मासिकाच्या संपादकाने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. मुलांचा वेग बंद करण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने त्यांना मैदान, घड्याळ आणि नियम दिले. 1954 पासून संघटनेची माणसे गावोगाव फिरून सुरक्षित शर्यत कशी भरवावी ते शिकवू लागली.

पुढे 1964 मध्ये पाँटियाकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून जीटीओ आणली आणि दुकानातून घेतलेली गाडी तशीच शर्यतीला नेण्याची हौस वाढली. विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि 1973 ची तेलटंचाई यांनी तो बहर ओसरला. डेमन ही त्याच हौसेची नात म्हणायची.

मग बंदी का? तेव्हाचा नियम असा होता, की 10 सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा हवा आणि चालकाकडे शर्यतीचा परवाना हवा. कारखान्यातून येणाऱ्या डेमनमध्ये पिंजरा नव्हता. म्हणजे राग गाडीवर नव्हता, काळजी आत बसणाऱ्याची होती.

हे वाचताना मला माझा एक विद्यार्थी आठवला. गणितात हुशार, मोटारसायकलचा वेडा. बारावीनंतर हमरस्त्यावर मित्रांशी शर्यत लावताना गेला. त्याला मी वर्गात अनेकदा रागावलो होतो, "हळू चालव" म्हणून. वेगाने जायचे तर कुठे जायचे, हे मात्र मी कधी सांगितले नाही. मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

नातवाला एवढेच म्हणालो, "बंदी नाही रे ती. आधी पिंजरा बसव, मग ये, एवढाच निरोप होता."

तो यावेळी हसला नाही.

असो.