सादळलेल्या दाण्यांची गोष्ट



गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तो मंगळूरला नोकरी करतो. येताना त्याने माझ्यासाठी पाव किलो कॉफीचे कच्चे दाणे आणले. आईने पुडा उघडला, मूठभर दाणे सुपात टाकले, बोटांनी चाळवले, आणि तो पाणी प्यायला आत गेल्यावर मला हळूच म्हणाली, "अरे, पोराला फसवलं रे कुणीतरी. हे दाणे सादळलेत."

तुम्हांला हसू येईल, पण आईची नजर चुकली नव्हती. कॉफीचा चांगला कच्चा दाणा हिरवट-करडा आणि टणक असतो. हे दाणे फिकट पिवळे, फुगलेले आणि हाताला हलके लागत होते. जिचे बालपण कोकणात गेले, तिला सादळलेला पापड आणि पाणी सुटलेले मीठ ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. दाणे सादळलेलेच होते. मात्र ते कोणीतरी मुद्दाम, तीन-चार महिने खपून सादळवलेले होते. बाजारात या कॉफीला 'मान्सून्ड मलबार' म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, चांगला माल मुद्दाम कोण सादळवील? याचे उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे, शिडाच्या जहाजांच्या काळात जावे लागेल.

कॉफीच्या दाण्याला आपली जुनी माणसे 'बुंद' म्हणत. अरबी भाषेतल्या 'बुन्न'शी त्याचे नाते आहे. शब्दही समुद्रावरून आला आणि वस्तूही. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या एका सूफी साधूने येमेनमधील मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. शिक्षकबंधूंनी वर्गात सांगताना ही कथा कथा म्हणूनच सांगावी. तिच्यातले सात बियांचे मोजमाप कोणी तपासू शकत नाही. पण दक्षिणेच्या घाटमाथ्यावर कॉफी अरबस्तानाच्या बाजूने आली, हे मात्र खरे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी चिकमगळूर, कूर्ग, वायनाड, निलगिरी या भागांत तिचे मोठमोठे मळे उभे केले. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मळ्यातला माल घाट उतरून मंगळूर, तेल्लिचेरी, कालिकत अशा बंदरांत येई. तेथून तो शिडाच्या जहाजांतून युरोपला निघे. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. सारी आफ्रिका वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जावे लागे. या प्रवासाला पाच-सहा महिने लागत. लाकडी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली, गोण्या रचलेल्या असत. बाहेर खारी हवा, आत दमट अंधार. दाणे दिवसेंदिवस ओल पीत, फुगत, त्यांचा हिरवा रंग जाऊन पिवळेपणा येई. चवही पालटे. कॉफीत मुळात जी एक आंबटसर धार असते ती बोथट होई, आणि पेय दाट, सौम्य, जरासे मातकट-मसालेदार लागे.

युरोपातल्या, विशेषतः उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांना हे काय ठाऊक! त्यांच्या दारी येणारी हिंदुस्थानची कॉफी पिवळीच असायची. तीच त्यांना खरी वाटे.

मग १८६९ साल उजाडले. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला सुएझचा कालवा वाहतुकीला खुला झाला. मुंबई ते लंडन हे समुद्रावरचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले वारे सोईचे नव्हते, पण आगबोटीला वाऱ्याची पर्वा नव्हती. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. माल लवकर पोचू लागला, ताजा पोचू लागला, हिरवा पोचू लागला.

आपल्याला वाटेल, गिऱ्हाईक खूश झाले असेल. व्यापारी सांगत आले आहेत ते उलटेच. गिऱ्हाईक म्हणाले, ही आमची कॉफी नव्हे! माल आधीपेक्षा चांगल्या अवस्थेत पोचत होता, आणि तरीही त्यांना तो फिका, आंबट लागत होता.

यात त्यांचे हसे करण्यासारखे काही नाही. जात्यावरच्या पिठाची भाकरी खाऊन वाढलेला माणूस गिरणीच्या पिठाला नावे ठेवतोच की नाही? चव नुसती जिभेवर नसते. आपल्या नकळत ती एखाद्या वाटेची, एखाद्या भांड्याची, एखाद्या विलंबाची असते. ती वाट बंद झाली म्हणजे मग कळते की आपण काय खात-पीत होतो.

आता प्रश्न असा, की सहा महिन्यांचा समुद्रप्रवास परत कोठून आणायचा? शिडाची जहाजे तर मोडीत निघाली. मंगळूरच्या किनाऱ्यावर याचे उत्तर सापडले, आणि ते दरवर्षी जूनमध्ये आपल्या पायाने चालत येते. ते म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊसवारा. 'मान्सून' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरून आलेला आहे. दाणा समुद्रावर न्यायचे कारण नाही, समुद्राची हवाच दाण्याकडे येते, हे तिथल्या माणसांनी ओळखले.

ते काय करतात, ते शेतकरीबंधूंना चटकन समजेल. फळासकट उन्हात वाळवून नंतर सोललेला निवडक दाणा घेतात. चारी बाजूंनी हवा खेळेल अशा वखारीत, जमिनीवर त्याचा ४ ते ६ इंचांचा थर पसरतात. पावसाचा थेंब दाण्यावर पडू द्यायचा नाही, वारा मात्र भरपूर लागू द्यायचा. दंताळ्याने तो थर वरचेवर वरखाली करतात. पुढे दाणे गोण्यांत सैलसर भरतात आणि मधून वारा जाईल अशा ओळींत त्या गोण्या रचतात. दर काही दिवसांनी गोण्या रिकाम्या करून दाणे मिसळतात आणि पुन्हा भरतात. असे १२ ते १६ आठवडे चालते. शेवटी दाणे निवडतात. जे नीट फुगले नाहीत, पिवळे झाले नाहीत, ते वेगळे काढतात. या निवडणीवर बहुधा बायकांचे हात असतात.

ऐकायला सोपे वाटते. पण ज्याने पावसाळ्यात धान्य सांभाळले आहे, त्याला यातली जोखीम कळेल. ओल कमी पडली तर दाणा फुगत नाही. ओल कोंडली तर बुरशी येते. आपण सारे ज्या सर्दीपासून धान्य वाचवायला धडपडतो, तिलाच घरात बोलवायचे आणि तिला मर्यादेत ठेवायचे, असे हे काम आहे. जहाजावर जे आपोआप घडत होते, ते इथे रोज लक्ष घालून घडवावे लागते. अपघाताने आलेला गुण टिकवायचा, तर त्याची विद्या करावी लागते.

इतिहासाचा मास्तर म्हणून मला याहूनही महत्त्वाची वाटते ती नावाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा बाजार बंद पडला आणि आपल्या कॉफीचे भाव कोसळले. तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सारा कारभार आला. मळेवाल्याने आपला माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यायचा, बोर्डाने तो विकायचा आणि प्रतीप्रमाणे पैसे द्यायचे, अशी पद्धत होती. लहान शेतकऱ्याला तिने आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बहुतेक मालाचे नाव त्या साठ्यात बुडाले. हा कोणत्या डोंगरावरचा दाणा, कोणाच्या हातचा, हे कपापर्यंत पोचेना. १९९२ ते १९९६ या काळात ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपली आणि शेतकरी आपला माल आपल्या नावाने विकायला मोकळा झाला. मोकळीक आली तशी भावाची अनिश्चितताही आली. आधार आणि ओळख या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला हव्यात, आणि आपल्या व्यवस्थांनी बहुतेक वेळा त्याला त्यांपैकी एकच दिली.

पुढे मान्सून्ड मलबारला भौगोलिक मानांकन मिळाले. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि आंध्रातील अराकू खोरे येथल्या कॉफ्यांनाही २०१९ मध्ये ते मिळाले. आपल्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये आणि कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळाले, हे तुम्ही ऐकले असेल. परंतु नुसत्या कागदाने भाव येत नाही. घेणाऱ्याच्या जिभेला फरक कळला पाहिजे. म्हणून म्हणतो, एकदा तरी एकाच ठिकाणचा, भेसळ नसलेला दाणा घरी करून प्या.

कशी करायची तेही सांगतो. दाणे कच्चे असतील तर जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, शेंगदाण्यासारखे सतत हलवत भाजावेत. हा दाणा मुळातच फिकट असल्याने नुसत्या रंगावर विसंबू नये. तडतडण्याचा आवाज आणि वास यांवर लक्ष ठेवावे. सुपात घेऊन पाखडावेत, पूर्ण निवू द्यावेत आणि एक दिवस डब्यात ठेवून मग बारीक रव्याइतके दळावेत. दोन मजली दाक्षिणात्य फिल्टर असेल तर वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घालून ती हलके दाबावी, उकळी मोडलेले अर्धा कप पाणी ओतावे, झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटे हात लावू नये. फिल्टर नसेल तर पूड गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून स्वच्छ फडक्यातून गाळली तरी चालेल. चिकोरी मात्र घालू नये. तिचा कडवटपणा आणि रंग दाण्याची चव झाकून टाकतात. पहिला घोट दुधाशिवाय, साखरेशिवाय घ्यावा. मग आपल्या रीतीप्रमाणे दूध-साखर घालायला कोणाची हरकत नाही.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गातला पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा. मंगळूरपासून केप ऑफ गुड होपवरून लंडनपर्यंत दोरा लावा, तेथे गाठ मारा. मग तोच दोरा सुएझमार्गे लावा. उरलेला दोरा मुलांच्या हातात द्या आणि विचारा, एवढी वाट वाचली, त्यात कोणाचे काय गेले आणि कोणाला काय मिळाले? सनावळ्या न पाठ करताही मुले बोलू लागतील.

त्या दिवशी आईने पहिला घोट घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आंबट नाही हं अजिबात. आणि वास बघ, पावसाळ्यात आमच्या माजघरात यायचा तसा आहे."

माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा खुलला. दुसऱ्या कपात तिने दूध घातले, साखर घातली, आणि मी नको नको म्हणत असताना वर जायफळही किसले. तीही कॉफी चांगली झाली होती, हे मला कबूल केले पाहिजे.