परतीचा आहेर आणि १४ मार्च

२००७ साली मी टोक्योत ऑनसाइटला होतो. १४ फेब्रुवारीला सकाळी ऑफिसात पोचलो तर कीबोर्डवर रिबिन बांधलेला छोटासा डबा, आत चार चॉकलेटं. क्षणभर (खोटं कशाला बोलू) काळजात काहीतरी हललं. मग मान वर करून बघितलं तर रांगेतल्या सगळ्याच पुरुषांच्या कीबोर्डवर तोच डबा. साठीला टेकलेल्या आमच्या मॅनेजरच्यासुद्धा :)

मी हसून आभार मानले, चॉकलेटं खाल्ली आणि विसरून गेलो. बरोबर महिन्यानं, १४ मार्चला, सगळ्या पुरुषांनी सेक्शनमधल्या तिघी बायकांना बिस्किटांचे डबे दिले. मी सोडून. कोणी काही बोललं नाही. बोलत नाहीत, हीच तर पंचाईत!

खरं तर मला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत लिहून ठेवतात तो कशासाठी? आणि शेजारणीचं भांडं आई कधी रिकामं परत पाठवायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण 'व्हॅलेंटाइन' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आलं ते हॉलिवूड. गुलाब, मेणबत्त्या, दोनच माणसं. तिथे वही कुठून असणार?

मग खजील होऊन वाचायला घेतलं. जपानातली व्हॅलेंटाइनची पहिली जाहिरात म्हणून जिचं नाव घेतात ती १९३६ ची, कोबेच्या 'मोरोझोफ' या मिठाईवाल्यांची. तीही इंग्रजी वर्तमानपत्रात, म्हणजे गोऱ्या लोकांसाठी. सामान्य जपानी माणसाला पत्ताच नव्हता. १९५८ मध्ये 'मेरी चॉकलेट' कंपनीनं शिंजुकूच्या 'इसेतान' या मोठ्या दुकानात व्हॅलेंटाइन सेल लावला. तीन दिवसांत विक्री किती? एकूण १७० येन! दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. यांनी दुसऱ्या वर्षी बदामाच्या आकाराची चॉकलेटं काढली आणि वर्षातून एकदा बायकांनी पुरुषांना मनातलं सांगावं, अशी घोषणा जोडली.

पाश्चात्त्यांकडे देणारा मुख्यतः पुरुष. इथे बाण उलटा फिरला. अशा दुकानांचं गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः बायका, तेव्हा दुकानदाराच्या नजरेनं हे सोयीचंच होतं. पण मला वाटतं नुसत्या धंद्यानं हे झालं नसतं. तेव्हा जपानात निम्म्याहून जास्त लग्नं 'ओमिआई'नं, म्हणजे आपल्या भाषेत कांदेपोहे करून ठरत. प्रेमविवाहांनी त्यांना मागे टाकलं ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. पहिलं पाऊल मुलीनं टाकायची सोय नसलेल्या समाजात एक दिवस तशी परवानगी मिळाली, आणि तीही चॉकलेटाआडून. सत्तरच्या दशकात शाळा-कॉलेजातल्या मुलींनी ती उचलून धरली.

पुढे हे ऑफिसात शिरलं आणि चॉकलेटाच्या दोन जाती झाल्या. मनातल्या माणसासाठी 'होनमेई-चोको' आणि बाकी सगळ्यांसाठी 'गिरी-चोको'. गिरी म्हणजे नात्यानं अंगावर आलेलं कर्तव्य. माझ्या कीबोर्डवर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता गिरी आली की 'ओकाएशी', म्हणजे परतफेड आलीच. मिळालेल्याच्या साधारण निम्म्या किमतीचं परत करायचं, या रीतीला 'हांगाएशी' असा स्वतंत्र शब्द आहे. चॉकलेटाला मात्र परतीचा दिवस नव्हता. फुकुओकाच्या 'इशिमुरा मानसेइदो' या मिठाईवाल्यांच्या वाचनात एका मासिकातलं पत्र आलं. पुरुष काहीच परत देत नाहीत हा अन्याय आहे, किमान मार्शमेलो तरी द्या, अशी तक्रार. मार्शमेलो तर ते बनवतच होते! १९७८ मध्ये त्यांनी 'मार्शमेलो दिवस' सुरू केला. १४ मार्च का? तर तिथल्या 'इवाताया' दुकानाला तेव्हा दुसरा सण नव्हता, विक्री मंद असे. १९८० पासून देशभरच्या मिठाईवाल्यांच्या संघटनेनं त्याचा 'व्हाइट डे' केला.

एवढं वाचून माझा सिद्धांत तयार झाला. पूर्वेकडे कर्तव्य, पश्चिमेकडे प्रेम. आपल्याला असे सिद्धांत फार आवडतात. मग सॅम्युएल पीप्सची डायरी वाचली आणि सगळं मुसळ केरात.

पीप्स हा सतराव्या शतकातला लंडनच्या नौदल कचेरीतला कारकुनी अधिकारी. त्या काळी 'व्हॅलेंटाइन' चिठ्ठ्या टाकून ठरे, नाहीतर सकाळी पहिलं जे दिसेल ते माणूस. लग्न झालेलं असो वा नसो. १६६२ च्या १४ फेब्रुवारीला घरी रंगारी काम करत होते, त्यांच्यापैकी कोणी दिसू नये म्हणून पीप्सची बायको सकाळभर डोळ्यांवर हात धरून होती! आदल्या वर्षी, १६६१ मध्ये, पीप्सची व्हॅलेंटाइन होती कचेरीतल्या सर विल्यम बॅटनची मुलगी. तिच्यासाठी त्यानं १८ फेब्रुवारीला हातमोज्यांवर ४० शिलिंग खर्च केले. एक जोड भरतकामाचा, सहा साधे. तीन दिवसांनी बॅटनकडून पीप्सच्या बायकोला काय आलं? सहा जोड हातमोजे आणि वर रेशमी पायमोजे. पीप्सनं दोन्ही डायरीत नोंदवलं. म्हणजे वही होतीच की! सहकाऱ्याच्या घरी दिलं, सहकाऱ्याच्या घरून परत आलं. गिरी आणि ओकाएशी, तेही लंडनमध्ये.

मग ते प्रकरण दोघांचंच कधी झालं? श्रेय बरंचसं पोस्टाला. इंग्लंडमध्ये १८४० पर्यंत पत्राचं टपाल सहसा घेणाऱ्याला भरावं लागे, तेही अंतरानुसार. त्या वर्षी एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं, पैसे पाठवणाऱ्यानं आधी भरायचे. निनावी प्रेमपत्राला याहून चांगली सोय कोणती? नाव नसलेल्या कार्डाची परतफेड करणार कोणाला? व्हॅलेंटाइन कार्डांचं पेवच फुटलं, नि १८६८ मध्ये कॅडबरीनं बदामाच्या आकाराचा चॉकलेटचा डबा काढला. हातमोजे मागे पडले.

जपानातही आता वारं फिरलंय. १ फेब्रुवारी २०१८ ला 'गोदिवा'नं तिथल्या मोठ्या अर्थविषयक दैनिकात पानभर जाहिरात दिली. गिरी-चोको बंद करू या, म्हणून. चॉकलेट विकणाऱ्यानंच! ऑफिसातल्या बायकांना त्या याद्या, तो खर्च नकोसा झाला होता हे त्यांनी हेरलं असणार. मला मिळालेले ते चार तुकडेही कोणाला तरी नकोशा खरेदीतूनच आले असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

असो. माझी परतफेड राहिली होती. व्हाइट डे उलटून गेल्यावर दुकानात जाऊन बिस्किटं आणणं म्हणजे उशिराचा पुरावाच. पुण्याहून नुकत्याच आलेल्या मित्राबरोबर आईनं चकल्या पाठवल्या होत्या. सोमवारी त्यातल्या निम्म्या एका डब्यात भरून नेल्या आणि तिघींतल्या वयानं मोठ्या बाईंच्या हातात दिल्या, उशीर झाला म्हणून कमरेत वाकून माफी मागत. त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या. तिखट निघाल्या, पण संपवल्या.

बुधवारी डबा धुऊन-पुसून टेबलावर परत आला. आत सेनबेईची, म्हणजे तांदळाच्या खारट पापड्यांची, दोन पाकिटं होती.