घसारा आणि गटिंग

बँकेत २२ वर्षं कारकुनी केली की माणसाला जिकडेतिकडे घसारा दिसू लागतो. सायकल, शर्ट, डोक्यावरचे केस – सगळ्यांची किंमत दरसाल उतरते. पण बॅडमिंटनच्या रॅकेटवर घसारा किती टक्के धरावा, हे बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हतं. ते मला पोराने शिकवलं. फी पाच हजार रुपये.

तशी या खेळाशी आपली सोयरीक जुनी. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले गोरे साहेब तो खेळत, आणि त्याचं एक नावच मुळी ‘पूना’ होतं. पुढे विलायतेत एका सरदाराच्या ‘बॅडमिंटन हाऊस’ या वाड्यावरून त्याचं नवं बारसं झालं. यावर पुणेकर भांडले कसे नाहीत, हे मला अजून कोडं आहे!

तेव्हा रॅकेट लाकडाची, आणि तिची जाळी तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याची. आतड्याला साहेब ‘गट’ म्हणतो, म्हणून जाळी भरण्याला ‘गटिंग’. आता तार नायलॉनची आली, तरी आमच्या माजलगावातलं माळकऱ्याचं पोरगंसुद्धा “गटिंग करायचंय” असंच म्हणतं. सांगलीला १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरची सेलँगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय खेळाडू ठरले, ते याच लाकडी जमान्यात.

आमच्या अण्णांचीही लाकडीच. खेळून आले की पायातली चप्पल काढण्याआधी ते रॅकेट चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवत. नाहीतर पावसाळी हवेत लाकूड वाकतं. आई म्हणायची, “अहो, कधी माझीबी एवढी चौकशी करा की!”

पोराने आणली ती कार्बनची, ७३ ग्रॅमची. अण्णांची शंभराच्या पुढे. “बाबा, बघा, पिसासारखी!” मी हातात घेतली आणि खिशातून पाच हजार गेल्याचं वजन तेवढं जाणवलं.

बीडच्या दुकानदाराने आधी फ्रेमवर छापलेली ताणाची मर्यादा दाखवली : २४ पौंड. मग तारा दाखवल्या. ०.७० मिलिमीटरची जाड, टिकाऊ. ०.६५ च्या आतली बारीक. फूल टणकन उडवते, पण उभ्या-आडव्या तारा घासून लवकर तुटते. पोराने अर्थातच बारीक घेतली, आणि ताण पुरता २४.

तिसऱ्या आठवड्यात तार तुटली.

“बाबा, बाकीच्या तारा लगेच कापाव्या लागतात. मधून सुरुवात करून.”

“धडधाकट तारा कापायच्या? दिवाळं काढतोस का?” मी रॅकेट तशीच अण्णांच्या खुंटीवर टांगली.

रविवारी काढली, तर फ्रेम एका अंगाने दबलेली आणि वर केसाएवढा तडा. एक तार गेली की तिच्या वाटणीचा ताण फ्रेमवर वेडावाकडा पडतो. एक कारकून रजेवर गेला की आमच्या शाखेचं जे होतं, तेच. पोरगं काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

माळ्यावरून त्याने अण्णांची रॅकेट काढली. तातीच्या पार चिंध्या झालेल्या. गंजलेले स्क्रू तेल घालून सोडवले. लाकूड सरळ सुताला सूत! अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे शेवटचे स्क्रू त्यांनीच आवळलेले. हलकी काय न् जड काय, वस्तू टिकते ती खेळ संपल्यावर तिच्याकडे कोण बघतं त्यावर.

दिवाळीच्या बोनसमधून नवी घेतली. तीही ७३ ग्रॅमचीच, पण तार ०.७० ची आणि ताण २२. पिशवीत पोराने एक छोटी कात्री टाकलीय, ३० रुपयांची. ती मी खर्चात धरलेली नाही. भांडवलात धरलीय.