खुब्याच्या कृत्रिम सांध्यात संसर्ग झाला तर काय करतात? उशीर का महागात पडतो?

खुब्याचा सांधा बदलून रुग्ण वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याच्या घरी परतला. दहा दिवस झाले तरी टाक्यांमधून पाणी येतंय. अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून वाट पाहिली, तर बसवलेला सांधा गमावण्याची वेळ येऊ शकते.

खुबा पहिल्यांदा बदलल्यावर साधारण शंभरातल्या एक-दोन रुग्णांना असा संसर्ग होतो. मधुमेह, लठ्ठपणा आणि तंबाखूमुळे धोका वाढतो. काही वेळा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचतात.

गोळ्यांनी का भागत नाही?

जंतू धातू आणि प्लास्टिकवर चिकट थर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत औषध पुरेसं पोहोचत नाही. गोळ्यांनी ताप उतरतो, पण जंतू तिथेच राहतात. शिवाय सांध्यातलं पाणी तपासण्याआधीच गोळ्या सुरू केल्या, तर जंतू कोणता हे लॅबमध्ये कळणं अवघड होतं.

शस्त्रक्रियेचे पर्याय कोणते?

1. सांधा वाचवून सफाई: संसर्ग नवा असेल आणि सांधा हाडात घट्ट असेल, तर खराब भाग काढून सांधा धुतात. गोळा आणि वाटीतलं अस्तर बदलतात. लक्षणं सुरू होऊन तीन-चार आठवडे उलटले, तर यश मिळण्याची शक्यता कमी होते.

2. एकाच टप्प्यात बदल: जुना सांधा काढून, सफाई करून त्याच शस्त्रक्रियेत नवा बसवतात. जर्मनीतल्या हॅम्बर्गमध्ये ही पद्धत विकसित झाली.

3. दोन टप्प्यांत बदल: सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता 'स्पेसर' बसवतात. साधारण सहा आठवडे औषधं देतात. संसर्ग गेल्याची खात्री पटली की नवा सांधा बसवतात. यात अनेक महिने जाऊ शकतात.

ब्रिटन आणि स्वीडनमधल्या 140 रुग्णांच्या 2022 मधल्या अभ्यासात दीड वर्षानंतर दुखणं आणि हालचाल या बाबतीत एक टप्पा आणि दोन टप्पे यांत ठळक फरक दिसला नाही. मात्र एक टप्पा प्रत्येकाला चालतोच असं नाही.

4. सांधा कायमचा काढणं: बाकी उपाय थकल्यावरच. पाय आखूड होतो आणि काठी किंवा वॉकर लागतो.

काय लक्षात ठेवायचं?

जखम ओली राहणं, लाली, सूज, ताप किंवा थांबलेलं दुखणं पुन्हा सुरू होणं, यांपैकी काहीही दिसलं तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. थंडी वाजून ताप आला किंवा भोवळ आली, तर थेट जवळचं रुग्णालय गाठा. शस्त्रक्रियेचे कागद आणि सांध्याचं स्टिकर सोबत ठेवा. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा बसवलाय हे त्यावरून कळतं. वाशिमहून अकोला सुमारे 80 किलोमीटर आहे, नागपूर त्याहून लांब. पण पहिल्या आठवड्यात केलेला हा एक प्रवास पुढचे कित्येक महिने वाचवू शकतो.