घोकंपट्टीपलीकडची पारख

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांत परीक्षा तोंडीच असे. संहितेच्या सलग पाठावर न थांबता विद्यार्थी पद, क्रम, जटा, घन असे पाठ म्हणत. जटेत दोन पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट येतात. घनात तिसरे पद मिसळून गुंता वाढतो. हे पाठ मुळात शब्द जपण्यासाठी, पण त्यांनी प्रामाणिकपणाही तपासला. उसने ज्ञान तिथे पहिल्याच वळणावर अडखळे. पुढे कागदी परीक्षा आली आणि तपासनीस उत्तर पाहू लागला, उत्तर देणारा नव्हे. मग गाइडे आली, कॉपी आली. महाराष्ट्राने 1982 साली परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, नाशिक विभागीय मंडळानेही भरारी पथके धाडली. हा सारा पहारा परीक्षागृहाचा. 2022 च्या अखेरीस आलेले चॅटजीपीटी मात्र घरच्या प्रकल्पवहीत शिरते, तिथे पथक पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, ती परंपरा पाठांतराची होती आणि मोजक्यांचीच. दोन्ही खरे. ज्या नाशकात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी 1930 पासून सत्याग्रह करावा लागला, तिथल्या पाठशाळांची दारे कोणाला बंद होती हे विसरणे अन्यायाचे ठरेल. मला ती व्यवस्था परत नको. समोरासमोर उलटसुलट विचारण्याची रीत हवी. दहावीच्या भाषा विषयांत 80 गुण लेखी, 20 अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या 20 गुणांत शिक्षकाने विद्यार्थ्याला त्याच्याच प्रकल्पावर तीन प्रश्न विचारले, तर यंत्राने लिहिलेले पान विद्यार्थ्याच्या तोंडी टिकणार नाही. साठ मुलांच्या वर्गात वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप सर्वांत खरा; त्यासाठी शिक्षकच वाढवावे लागतील.